तेलबियांच्या पेंडीतून उपयुक्त वनस्पतिज संयुगे मिळवणे : पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

तेल काढून झाल्यावर मागे राहणारी पेंड, टरफले आणि तेलाच्या शुद्धीकरणात वेगळा निघणारा गाळ यांत फिनॉलिक आम्ले, लिग्नॅन, आयसोफ्लेवोन, टोकोफेरॉल, फायटोस्टेरॉल अशी बरीच संयुगे शिल्लक असतात. ती वेगळी कशी करायची यावर शोधनिबंध भरपूर सापडतात. पण ‘पेंड दळून, तेलविरहित करून, जलीय इथेनॉलने निष्कर्षण केले’ असे ज्या एका ओळीत उरकलेले असते, त्याच ओळीत नवख्या माणसाचे कित्येक महिने खर्ची पडतात. हा लेख त्या ओळीविषयी आहे.

हे काम करता करता माझे एक मत पक्के झाले आहे. निष्कर्षणाचा (द्रावकाने संयुगे विरघळवून बाहेर काढण्याचा) निकाल बहुतेक वेळा द्रावक ओतण्यापूर्वीच लागलेला असतो. पेंड कोणत्या तापमानाला दाबली गेली, ती किती दिवस आणि किती ओलाव्यात पडून होती, तिच्यात टरफल किती आणि उरलेले तेल किती, या चार गोष्टी ठाऊक नसतील तर पुढची सगळी आकडेमोड हवेत राहते. त्यामुळे सुरुवातीच्या पायऱ्यांवर मी मुद्दाम अधिक लिहिले आहे आणि नंतरच्या काही थोडक्यात आटोपल्या आहेत.

१. सुरुवात कोणत्या पेंडीपासून करावी

पहिल्या प्रयोगासाठी सूर्यफुलाची पेंड घ्यावी, आणि शक्य असेल तर कमी तापमानाला दाबलेल्या, टरफल काढलेल्या बियांची घ्यावी. तिच्यातील मुख्य फिनॉलिक संयुग म्हणजे क्लोरोजेनिक आम्ल. टरफलरहित, तेलविरहित भुकटीत ते कोरड्या वजनाच्या साधारण १ ते ४ टक्के असते, म्हणजे सहज मोजता येईल इतके. त्याचा बराचसा भाग पेशीभित्तिकेला रासायनिक बंधाने जखडलेला नसतो, त्यामुळे आम्ल किंवा अल्कली घालून तोडफोड करावी लागत नाही. शिवाय त्याचे शुद्ध स्टँडर्ड (तुलनेसाठी वापरायचा ज्ञात शुद्धतेचा नमुना) सहज विकत मिळते आणि क्रोमॅटोग्राममध्ये, म्हणजे घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राच्या आलेखात, एकच मोठे शिखर दिसते, त्यामुळे आपले कुठे बिघडले हे शोधणे सोपे जाते.

या पेंडीची ओळख करून घेण्याची एक साधी चाचणी आहे, आणि ती प्रत्येकाने एकदा तरी करून पाहावी. चिमूटभर तेलविरहित भुकटी परीक्षानळीत घेऊन तिच्यावर धुण्याच्या सोड्याचे सुमारे १ टक्का द्रावण थोडे ओतावे, हलवावे आणि नळी उघडी ठेवावी. मिश्रण लगेच पिवळे होते; मग काही वेळाने हवेला लागलेल्या वरच्या थरापासून हिरवट छटा खाली उतरू लागते आणि अखेरीस सगळे गडद हिरवे होते. अल्कलीत क्लोरोजेनिक आम्लाचे ऑक्सिडीकरण होऊन क्विनोन तयार होते आणि ते प्रथिनांतील अमिनो गटांशी जोडले जाते, त्याचा हा रंग. दिसायला मौजेची वाटणारी ही चाचणी पुढच्या सगळ्या पायऱ्यांसाठी इशाराही देते: तुमच्या अर्काचा सामू चुकून अल्कलीच्या बाजूला गेला, तर हवे असलेले संयुग नेमके याच वाटेने हातचे जाते आणि ते परत मिळवता येत नाही.

एरंडाच्या पेंडीला नवख्याने हात लावू नये. तिच्यातील रायसिन हे पाण्यात विरघळणारे प्रथिन अत्यंत विषारी आहे, भुकटी श्वासातून गेली तरी जिवावर बेतू शकते, आणि रासायनिक शस्त्रे प्रतिबंधक कराराच्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश आहे. मोगली एरंडाच्या पेंडीतील फॉर्बॉल एस्टर आणि सरकीच्या पेंडीतील गॉसिपॉल या विषारी संयुगांच्या बाबतीतही अनुभवी मार्गदर्शकाशिवाय प्रयोग करू नयेत.

२. आधी जमवायची कागदपत्रे आणि साधने

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा असतो, पण तो शेवटी करायला घेतला तर काम अडते. पुढील गोष्टी प्रयोगापूर्वी एका फाइलमध्ये असाव्यात.

- पेंडीच्या लॉटची माहिती: बियांचा प्रकार, टरफल काढले होते की नाही, दाबून काढलेले तेल की द्रावकाने काढलेले, दाबतानाचे तापमान, गाळपाची तारीख, साठवणुकीची पद्धत.
- वापरायच्या प्रत्येक रसायनाचे सुरक्षितता माहितीपत्रक, विशेषतः हेक्झेन आणि इथेनॉलचे.
- इथेनॉल बाळगण्याचा परवाना, जिथे तो लागतो तिथे. बऱ्याच देशांत शुद्ध इथेनॉलवर अबकारी नियंत्रण असते आणि परवानगीला वेळ लागतो.
- स्टँडर्डचे विश्लेषण प्रमाणपत्र, ज्यावर शुद्धता आणि ओलावा दिलेला असतो.
- वापरलेले द्रावक कुठे आणि कसे जमा करायचे याची संस्थेची लेखी पद्धत.
- पाने क्रमांकित केलेली नोंदवही. सुट्या कागदांवर लिहिलेली वजने हमखास हरवतात.

साधनांमध्ये दळणयंत्र, ०.५ मिलिमीटरची चाळणी, ०.१ मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा तराजू, गरम हवेची भट्टी, डेसिकेटर (ओलावा न लागता थंड करण्याचे बंद भांडे), सॉक्सलेट संच (ताजे द्रावक पुन्हा पुन्हा फिरवून तेल काढणारे काचेचे उपकरण), फ्यूम हूड (वाफा बाहेर खेचणारे कपाट), तापमान नियंत्रित पाण्याचे पात्र किंवा ढवळणी, सेंट्रीफ्यूज, रोटरी इव्हॅपोरेटर (कमी दाबाखाली द्रावक उडवणारे यंत्र), सामूमापक आणि मोजणीसाठी एचपीएलसी (मिश्रणातील घटक स्तंभातून वेगळे करून मोजणारे यंत्र) लागते. एचपीएलसी नसेल तर वर्णपटमापकावरही (द्रावण किती प्रकाश शोषते हे मोजणाऱ्या यंत्रावर) अंदाज घेता येतो. त्याच्या मर्यादा नवव्या पायरीत सांगितल्या आहेत.

इथेनॉल विकत घेताना एक सापळा आहे. विकृत केलेला (डिनेचर्ड) स्पिरिट स्वस्त आणि काही ठिकाणी विनापरवाना मिळत असला, तरी त्यात मिथेनॉल, पिरिडीन किंवा कडू द्रव्ये मिसळलेली असू शकतात. त्यांतील काही अर्कात राहतात आणि काही अतिनील प्रकाशही शोषतात. मोजणीसाठी असा स्पिरिट निरुपयोगी आहे.

३. पेंड ताब्यात घेताना

गिरणीतून ‘नमुना’ म्हणून पोत्याच्या तोंडाशी असलेली मूठभर पेंड दिली जाते. ती घेऊ नये. पोत्यातील बारीक भुकटी खाली बसते, टरफलाचे हलके तुकडे वर येतात, आणि या दोन्हींतील संयुगांचे प्रमाण सारखे नसते. सूर्यफुलाचे क्लोरोजेनिक आम्ल मुख्यतः गरात असते, टरफलात फार थोडे. म्हणून निरनिराळ्या पोत्यांतून आणि वेगवेगळ्या खोलीवरून माल घ्यावा, एका स्वच्छ कापडावर तो एकत्र करावा, त्याचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवावेत, उरलेले दोन बाजूला काढावेत, आणि हव्या त्या वजनापर्यंत येईतो हेच करत राहावे.

तापमानाची चौकशी आग्रहाने करावी. घाण्यात किंवा द्रावक काढून टाकणाऱ्या टोस्टरमध्ये पेंड १०० अंश सेल्सिअसच्या वर गेली असेल, तर फिनॉलिक संयुगांचा काही भाग प्रथिनांशी घट्ट बांधला जातो आणि साध्या इथेनॉलने तो सुटत नाही. असा माल वाईट असतो असे नाही. पण थंड दाबाच्या पेंडीवरच्या शोधनिबंधातील आकडा समोर ठेवून भाजलेल्या पेंडीवर काम केले, तर आपली पद्धतच चुकते आहे असे वाटत राहते आणि नसलेला दोष शोधण्यात वेळ जातो.

वास आणि रंग पाहावा. खवट वास म्हणजे उरलेल्या तेलाचे ऑक्सिडीकरण झाले आहे, आणि त्यात फिनॉलिक संयुगेही खर्ची पडली असणार. गुठळ्या, कुबट वास किंवा पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर माल परत करावा. शेंगदाणा आणि सरकीच्या पेंडीत अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचा धोका विशेष असतो. ते जलीय अल्कोहोलमध्ये तुमच्या संयुगाबरोबरच उतरते, म्हणजे पेंडीपेक्षा अर्कात त्याचे प्रमाण अधिक होऊ शकते. डोळ्यांना बुरशी दिसली नाही म्हणून विष नाही, असे धरून चालू नये.

४. वाळवणे, दळणे आणि ओलावा मोजणे

पेंडीचा ओलावा १० टक्क्यांच्या खाली असावा. जास्त असल्यास ४० ते ५० अंशांवर पातळ थरात वाळवावी. घाई म्हणून ८० अंशांवर ठेवण्याचा मोह टाळावा. दळताना यंत्र सतत चालवू नये. काही सेकंद चालवावे, थांबावे, भांड्याला हात लावून पाहावा आणि गरम वाटल्यास थंड होऊ द्यावे. दाबून काढलेल्या पेंडीत ८ ते १५ टक्के तेल राहू शकते आणि अशी पेंड पात्याला चिकटून तिचा लगदा होतो. तसे झाले तर आधी भरड दळून तेल काढावे आणि मग बारीक दळावे.

चाळणीतून न गेलेला भाग फेकून देऊ नये. तो बहुतेक टरफलाचा असतो, आणि तो टाकला की तुमच्याही नकळत तुम्ही वेगळ्याच कच्च्या मालावर काम करू लागता. पुन्हा दळून सगळा माल चाळणीतून काढावा, किंवा किती वगळला याची वजनासकट नोंद ठेवावी.

ओलावा मोजण्यासाठी सुमारे ५ ग्रॅम भुकटी १०३ अंशांवर ठेवून, डेसिकेटरमध्ये थंड करून, वजन स्थिर होईपर्यंत पुन्हा पुन्हा तोलावी. हा मोजलेला भाग निष्कर्षणासाठी वापरायचा नाही. ओलावा ज्या दिवशी निष्कर्षण करणार त्याच दिवशी मोजावा, कारण भुकटी हवेतील ओलावा झपाट्याने शोषते. उरलेली भुकटी हवाबंद, प्रकाश न जाणाऱ्या डब्यात, उणे २० अंशांवर ठेवावी. डबा बाहेर काढल्यावर तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर आत पाणी धरते.

५. उरलेले तेल काढणे

तेल राहू दिले तर ते पुढे अर्कात दुधाळपणा आणते, गाळणी बुजवते आणि एचपीएलसीचा स्तंभ खराब करते. सॉक्सलेट संचात हेक्झेनने ६ ते ८ तास तेल काढणे ही रूढ पद्धत. उष्णता टाळायची असल्यास खोलीच्या तापमानाला भुकटीच्या दसपट हेक्झेनमध्ये हलवून, गाळून, हेच दोनतीनदा करावे. तेल थोडे अधिक राहते, पण बहुतेक कामांना ते चालते.

हेक्झेनचा ज्वलनबिंदू (ज्या किमान तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते) उणे २२ अंशांच्या आसपास आहे, त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने टेबलावरून खाली उतरून जमिनीलगत दूरवर पसरते, आणि दीर्घकाळ श्वासात गेल्यास हातापायांच्या नसांना इजा होते. सगळे काम फ्यूम हूडमध्येच करावे. सर्वांत घातक सवय म्हणजे हेक्झेनने ओली असलेली भुकटी थेट भट्टीत वाळवायला ठेवणे. भट्टीच्या बंद पोकळीत वाफ साठते आणि तापमान नियंत्रकाची एक ठिणगी स्फोटाला पुरते. भुकटी हूडमध्ये पसरून रात्रभर ठेवावी, आणि वास पूर्ण गेल्यावरच पुढे जावे. हेक्झेन राहिलेल्या भुकटीचा ओलावा मोजला तर उडून गेलेले हेक्झेनही पाण्यात धरले जाते, हे वेगळेच.

६. निष्कर्षण

पहिल्या वेळेसाठी मी पुढील परिस्थिती सुचवतो. हीच सर्वोत्तम आहे असा माझा दावा नाही. पण हिच्यात अपयशाची कारणे ओळखू येतात.

- भुकटी १० ग्रॅम, द्रावक २०० मिलिलिटर
- द्रावक: आकारमानाने ६० टक्के इथेनॉल, सामू ४ च्या आसपास
- तापमान ५० अंश, वेळ ४५ मिनिटे, सतत ढवळत, झाकण लावून
- गाळून उरलेल्या चोथ्यावर तेवढ्याच ताज्या द्रावकाने दुसरी खेप

इथेनॉल ६० टक्केच का? नुसत्या पाण्यात प्रथिने आणि शर्करा इतक्या उतरतात की गाळणे अशक्य होते, आणि फिनॉलिक संयुगांचे ऑक्सिडीकरण करणारी पेंडीतील ऑक्सिडेझ विकरेही (एन्झाइम) जागी राहतात. ९५ टक्के इथेनॉलमध्ये प्रथिने उतरत नाहीत, पण पाणीप्रिय फिनॉलिक संयुगेही नीट उतरत नाहीत आणि राहिलेले तेल मात्र येते. ५० ते ७० टक्क्यांच्या पट्ट्यात दोन्ही बाजू सांभाळल्या जातात. ९५ टक्के इथेनॉलपासून ६० टक्के करायचे तर ६३ मिलिलिटर घेऊन पाण्याने १०० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत भरावे. ६३ मध्ये ३७ मिलिलिटर पाणी मोजून ओतू नये, कारण हे दोन द्रव मिसळल्यावर एकूण आकारमान आकसते.

सामू ४ ठेवण्यामागे दोन कारणे आहेत: आम्लधर्मी द्रावणात क्लोरोजेनिक आम्लाचे ऑक्सिडीकरण मंदावते, आणि सूर्यफुलाच्या प्रथिनांची विद्राव्यता सामू ४ ते ५ च्या दरम्यान सर्वांत कमी असते. आम्ल म्हणून अॅसेटिक आम्ल सोयीचे, कारण पुढे ते बहुतांशी उडून जाते. सायट्रिक आम्ल उडत नाही. ते घट्ट अर्कात राहून वजन वाढवते आणि उतारा भरघोस आल्याचा भास निर्माण करते.

तापमान ६० अंशांच्या वर नेऊन फारसे काही मिळत नाही. उष्णतेत जास्त वेळ राहिल्यास, आणि अल्कलीत तर झपाट्याने, क्लोरोजेनिक आम्लाचे काही अंशी त्याच्या समघटकांत (तेच रेणुसूत्र पण वेगळी रचना असलेल्या संयुगांत) रूपांतर होते. क्रोमॅटोग्राममध्ये मुख्य शिखराच्या आजूबाजूला लहान शिखरे वाढताना दिसली तर तोच संशय धरावा. ७० टक्के इथेनॉलची वाफही खोलीच्या तापमानाला पेट घेऊ शकते, म्हणून उघड्या ज्योतीवर किंवा साध्या हॉटप्लेटवर हे काम करू नये.

दोन खेपा पुरतात की नाही, हे आपल्या मालावर एकदा तपासून घ्यावे. तिसरी खेप करून ती वेगळी मोजावी. तिच्यात पहिल्या खेपेच्या ५ टक्क्यांहून कमी मिळाले तर दोन पुरेत. अल्ट्रासाउंड आणि मायक्रोवेव्हची यंत्रे हाताशी असली, तरी हा साधा पाया पक्का होईपर्यंत त्यांच्याकडे वळू नये, असा माझा सल्ला आहे. त्यांनी वेळ वाचतो. पेंडीत नसलेले संयुग त्यांनी येत नाही.

७. गाळणे आणि घट्ट करणे

मिश्रण ५००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ५००० पट) बलावर १० मिनिटे सेंट्रीफ्यूज करून वरचा निवळ भाग अलगद ओतून घ्यावा आणि मग गाळणी कागदातून काढावा. थेट कागदावर ओतले तर बारीक साका छिद्रे बुजवतो. चोथा आपल्या वजनाच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक द्रावक धरून ठेवतो, त्यामुळे पहिल्या खेपेचा काही माल दुसऱ्या खेपेतच हाती येतो. दोन्ही खेपा एकत्र करून ४०० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत त्याच द्रावकाने भराव्यात आणि मोजणीसाठीचा नमुना इथेच, घट्ट करण्यापूर्वी, काढून ठेवावा.

रोटरी इव्हॅपोरेटरच्या पात्राचे तापमान ४५ अंशांपेक्षा जास्त नसावे. १७५ मिलिबारच्या आसपास इथेनॉल ४० अंशांना उकळते, म्हणून दाब टप्प्याटप्प्याने उतरवावा. इथेनॉल संपत आले की अर्क एकाएकी फेसाळतो आणि फेस वर चढून जमा केलेल्या द्रावकात जाऊन पडतो. चंबू एकतृतीयांशाहून अधिक भरू नये आणि या टप्प्यावर तिथून हलू नये. इथेनॉल गेल्यावर उरलेला जलीय भाग गढूळ होतो, कारण अल्कोहोलच्या आधाराने विरघळलेले पदार्थ आता खाली बसतात. तो पुन्हा सेंट्रीफ्यूज करावा.

८. रेझिनने शुद्ध करणे

या जलीय भागात संयुगाबरोबर सुक्रोज, रॅफिनोज आणि क्षार असतात. स्थूलछिद्री पॉलिस्टायरिन रेझिनवर (सच्छिद्र प्लॅस्टिकच्या बारीक मण्यांवर), उदाहरणार्थ एक्सएडी-१६ वर, फिनॉलिक संयुगे चिकटतात आणि शर्करा पाण्याबरोबर वाहून जाते. नवे रेझिन आधी इथेनॉलने आणि मग भरपूर पाण्याने धुवावे आणि नळीसारख्या स्तंभात भरावे. अर्काचा सामू ३ किंवा थोडा खाली आणावा, कारण क्लोरोजेनिक आम्ल विद्युतभारित अवस्थेत रेझिनला नीट धरत नाही. मग तो ताशी स्तंभाच्या २ ते ४ पट आकारमान या मंद वेगाने सोडावा, ३ ते ५ पट पाण्याने धुवावे आणि रेझिनला चिकटलेले संयुग ६० टक्के इथेनॉलने उतरवून घ्यावे.

इथे सर्वांत जास्त नुकसान होते ते अर्कात इथेनॉल शिल्लक राहिल्यामुळे. थोडे जरी राहिले, तरी संयुग रेझिनला न चिकटता सरळ खाली येते आणि धुवणाच्या पाण्याबरोबर फेकले जाते. म्हणून मोजणी पूर्ण होईपर्यंत एकही अंश टाकू नये. स्तंभातून सरळ निघून गेलेला भाग, धुवण आणि इथेनॉलने उतरवलेला भाग या तिन्हींच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावून त्या थंडीत ठेवाव्यात. अंतिम अर्क गोठवून वाळवला की हलकी, ओलावा पटकन ओढणारी भुकटी मिळते. ती लगेच गडद काचेच्या कुपीत बंद करावी.

९. मोजमाप

पहिली गल्लत स्टँडर्ड विकत घेतानाच होते. आज ज्याला नियमानुसार ५-कॅफेऑइलक्विनिक आम्ल म्हणतात, त्यालाच जुन्या क्रमांकनानुसार काही कंपन्या ३-कॅफेऑइलक्विनिक आम्ल असे छापतात. नावाकडे न पाहता सीएएस क्रमांक (प्रत्येक रसायनाला दिलेला ओळख क्रमांक) ३२७-९७-९ आहे याची खात्री करावी.

एचपीएलसीसाठी सी-१८ स्तंभ, ०.१ टक्का फॉर्मिक आम्ल असलेले पाणी आणि अॅसिटोनायट्राइल यांची वाढत जाणारी मिश्रणे, आणि ३२५ नॅनोमीटर ही तरंगलांबी पुरते. स्टँडर्डची मालिका मिलिलिटरला ५ ते १०० मायक्रोग्रॅम ठेवावी आणि नमुना त्या पट्ट्यात येईल इतका पाण्याने पातळ करावा. ६० टक्के इथेनॉलमधला नमुना तसाच सोडला तर शिखर पसरते किंवा दुभंगते. सिरिंजच्या गाळण्या नायलॉनच्या घेऊ नयेत. नायलॉन फिनॉलिक संयुगे शोषून घेतो आणि आकडा गुपचूप कमी करतो. पाणीप्रिय पीटीएफई (टेफ्लॉन) किंवा पुनर्जनित सेल्युलोजची गाळणी वापरावी.

एचपीएलसी नसल्यास ३२५ नॅनोमीटरलाच वर्णपटमापकावर मिलिलिटरला २ ते २० मायक्रोग्रॅमच्या मालिकेने अंदाज घेता येतो. मात्र त्यात कॅफेइक आम्ल आणि इतर सहोदर संयुगेही मोजली जातात, म्हणून अहवालात ‘एकूण, क्लोरोजेनिक आम्लाच्या तुल्य’ असेच लिहावे.

एकूण फिनॉल रंगावरून मोजणाऱ्या फोलिन-सिओकॅल्तू पद्धतीबद्दल सावधगिरी बाळगावी. फोलिन आणि सिओकॅल्तू यांनी १९२७ मध्ये हे अभिकर्मक प्रसिद्ध केले ते प्रथिनांतील टायरोसीन आणि ट्रिप्टोफॅन मोजण्यासाठी. प्रथिनांनी भरलेल्या पेंडीच्या कच्च्या अर्कात ते ‘एकूण फिनॉल’ फुगवून दाखवते, यात नवल नाही. ७६५ नॅनोमीटरचा हा आकडा रेझिनपूर्वी आणि रेझिननंतर अशी तुलना करायला उपयोगी पडतो. संयुगाचे प्रमाण म्हणून तो छापू नये. डीपीपीएचसारख्या ऑक्सिडीकरणरोधी चाचण्यांचीही अनेकांना फार घाई असते. संयुग किती मिळाले आणि किती वाया गेले याचा ताळा जुळल्याशिवाय त्या करून काहीही हाती लागत नाही.

१०. हिशेब

समजा १० ग्रॅम तेलविरहित भुकटीत ९ टक्के ओलावा होता, म्हणजे कोरडी भुकटी ९.१ ग्रॅम. ४०० मिलिलिटर अर्कात मिलिलिटरला ०.४५५ मिलिग्रॅम क्लोरोजेनिक आम्ल आढळले, म्हणजे एकूण १८२ मिलिग्रॅम. १८२ भागिले ९.१ बरोबर ग्रॅममागे २० मिलिग्रॅम, अर्थात २ टक्के. ओलावा वजा केला नाही तर हाच आकडा १८.२ येतो. आणि मूळ पेंडीत कोरड्या वजनाच्या १२ टक्के तेल असेल, तर मूळ पेंडीच्या कोरड्या वजनावर तो १७.६ होतो. तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. कोणत्या वजनावर काढला हे न लिहिलेला आकडा मात्र कुणाच्याही उपयोगाचा नाही.

पद्धत भरवशाची आहे का हे पाहण्यासाठी एका वेगळ्या भुकटीत स्टँडर्डचे माहीत असलेले वजन मिसळून तिच्यावर सगळ्या पायऱ्या कराव्यात. घातलेल्यापैकी ९० ते ११० टक्के परत मिळाले तर व्यवहारात ठीक. ७० टक्केच मिळाले तर वाटेत कुठेतरी ऑक्सिडीकरण किंवा शोषण होते आहे. प्रत्येक मोजणी किमान तीन स्वतंत्र भुकट्यांवर करावी. एकाच अर्काच्या तीन इंजेक्शनांनी फक्त यंत्राची खात्री पटते, निष्कर्षणाची नाही.

११. दुसऱ्या मालाकडे वळताना

सूर्यफुलावर हात बसला म्हणजे हीच कृती जशीच्या तशी इतरत्र चालेल असे नाही.

मोहरीवर्गीय पेंडीत मुख्य फिनॉलिक संयुग सिनॅपिन आहे आणि ते ३३० नॅनोमीटरजवळ मोजता येते. पण भुकटीला पाणी लागताच मायरोसिनेझ हे विकर ग्लुकोसिनोलेटचे विघटन सुरू करते आणि डोळ्यांत पाणी आणणारे आयसोथायोसायनेट सुटते. म्हणून भुकटीवर थंड द्रावक न ओतता ७० टक्के इथेनॉल गरम करूनच घालावे, म्हणजे विकर तिथल्या तिथे निष्क्रिय होते.

जवसाची गोष्ट सर्वांत वेगळी. त्यातील एसडीजी हे लिग्नॅन टरफलात, एस्टर बंधांनी जोडलेल्या साखळीत असते, त्यामुळे अल्कोहोलने काढल्यावर सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडने साखळी तोडावी लागते आणि मग लगेच उदासीन करावे लागते. म्हणजे सूर्यफुलात जे कटाक्षाने टाळायचे, तेच इथे मुद्दाम करायचे. पाणी जास्त झाले तर जवसाचा बुळबुळीत चिकट पदार्थ फुगून सगळ्याची खळ होते. लिनुस्टॅटिन आणि निओलिनुस्टॅटिन ही सायनाइड सोडू शकणारी ग्लायकोसाइडेही अर्कात येतात, त्यामुळे खाण्याच्या उपयोगाचा विचार असेल तर त्यांची तपासणी अनिवार्य आहे.

तिळात सेसमिन आणि सेसमोलिन तेलाबरोबर निघून जातात. पेंडीत सापडतात ती सेसमिनॉलची पाण्यात विरघळणारी ग्लुकोसाइडे. सोयाबीनच्या तेलविरहित भुकटीत आयसोफ्लेवोन असतात आणि त्यांची मॅलोनिल रूपे उष्णतेने बदलतात, म्हणून तिथे तापमानाची शिस्त आणखी कडक हवी. टोकोफेरॉल आणि फायटोस्टेरॉल हवे असतील तर पेंड हा चुकीचा कच्चा माल आहे. ते तेलाबरोबर जातात आणि तेलाचा वास काढताना निघणाऱ्या ऊर्ध्वपातितात (वाफ थंड करून गोळा केलेल्या भागात) साठतात; नैसर्गिक ई जीवनसत्त्वाचा व्यापारी पुरवठा मुख्यतः सोयाबीनच्या याच ऊर्ध्वपातितावर चालतो. तांदळाच्या कोंड्याच्या तेलातील ओरिझॅनॉल तसाच शुद्धीकरणातल्या साबणी गाळात मिळतो.

१२. उरलेला चोथा आणि द्रावक

गोळा झालेले हेक्झेन आणि इथेनॉल एकाच कॅनमध्ये ओतू नये. वेगळे ठेवले तर दोन्ही ऊर्ध्वपातन करून पुन्हा वापरता येतात. परत मिळालेल्या इथेनॉलची तीव्रता घनतामापकाने मोजूनच पुढचे ६० टक्के द्रावण तयार करावे, कारण त्यात पाणी किती आले हे डोळ्यांना कळत नाही. अॅसेटिक आम्लही काही अंशी त्याच्याबरोबर आलेले असते, म्हणून सामू पुन्हा तपासावा.

चोथा हूडमध्ये पसरून द्रावकाचा वास जाईपर्यंत वाळवावा. सूर्यफुलाच्या बाबतीत हा चोथा खरे तर मूळ पेंडीपेक्षा काही कामांसाठी सरस असतो: क्लोरोजेनिक आम्ल निघून गेल्यामुळे त्यातील प्रथिने अल्कलीने वेगळी करताना हिरवी पडत नाहीत. मात्र हेक्झेन लागलेला प्रयोगशाळेतील चोथा कोणत्याही जनावराच्या खाद्यात जाऊ देऊ नये. त्यासाठी द्रावकाचे अवशेष मोजलेले, खाद्यासाठी मान्य प्रक्रियेतून आलेले उत्पादनच लागते. प्रथिनांवर पुढे काम करायचे असेल तर चोथा हवाबंद करून, मूळ पेंडीचा लॉट क्रमांक डब्यावर लिहून थंडीत ठेवावा. करायचे नसेल तर तो द्रावकयुक्त घनकचरा म्हणून संस्थेच्या लेखी पद्धतीप्रमाणे जमा करावा.